यंत्राच्या आधी वाट : अपघातग्रस्तांच्या फुप्फुसांसाठी सातारा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, सातारा.

विषय : गंभीर अपघातानंतर फुप्फुसे निकामी होणाऱ्या रुग्णांवर जिल्ह्यात करावयाचे उपचार आणि त्यांना वेळेत पुढे हलवण्याची व्यवस्था यांबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार वि. वि.

मी भूलतज्ज्ञ असून गेली एकवीस वर्षे कराड परिसरातील अतिदक्षता विभागांत काम करते आहे. आपल्या समितीसमोर अपघातप्रवण वळणे, दुभाजक फोडून केलेल्या वाटा, हेल्मेट आणि वेगमर्यादा हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत, कारण जो अपघात झालाच नाही त्यावर कोणाला उपचार करावे लागत नाहीत. मात्र शिरवळपासून कराडच्या पुढे सांगलीच्या हद्दीपर्यंत जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावरून आणि जिल्ह्यातल्या आडव्या-तिडव्या रस्त्यांवरून आमच्याकडे येणाऱ्या जखमींमध्ये एक वर्ग असा असतो, की जो रस्त्यावर दगावत नाही आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरही दगावत नाही. त्याच्या पोटातला रक्तस्राव थांबवला जातो, मांडीचे हाड बसवले जाते, नातेवाईक हायसे वाटून खाली चहाला उतरतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची फुप्फुसे काम सोडू लागतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. त्या आकड्यात हे रुग्णही असतात, पण ते कोणत्या दिवशी आणि कशाने गेले हे त्या आकड्यावरून कळत नाही.

अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, "आपल्याकडे ते एक्मो का नाही?" एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात प्राणवायू मिसळणारे यंत्र, आणि करोनाच्या साथीत हा शब्द घरोघर पोहोचला. लोकप्रतिनिधींनाही हा प्रश्न विचारला जातो, आणि त्यावर सोपे वाटणारे उत्तर म्हणजे निधीतून एक यंत्र विकत घेणे. यंत्राला हार घालता येतो, फीत कापता येते. माझी विनंती अशी आहे, की यंत्र घेण्याच्या आधी त्या यंत्रापर्यंत रुग्ण जिवंत आणि वेळेत पोहोचेल अशी वाट आपण बांधावी. ही वाट नीट बांधली गेली तर त्यावरून निघालेल्या अनेकांना शेवटी यंत्राची गरजच पडणार नाही, असे मी अनुभवाने आणि अभ्यासाने सांगू शकते.

फुप्फुसे नेमकी का बिघडतात हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. छातीवर मार बसला की फुप्फुसाला आतून मुका मार लागतो आणि त्या भागात रक्त व पाणी साठते. एक्स-रेमध्ये पहिल्या दिवशी दिसणारा पुसट ढग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पसरतो. मांडीचे हाड मोडले असेल तर मज्जेतील चरबीचे कण रक्तातून फुप्फुसांत जाऊन अडकतात. बेशुद्धावस्थेत पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरते. पुष्कळ रक्त गेल्यामुळे आणि पुष्कळ रक्त चढवावे लागल्यामुळे सगळ्या शरीरात जी दाहाची प्रतिक्रिया उसळते, तिचा पहिला फटकाही फुप्फुसांनाच बसतो. हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती पाझरू लागतात, पिशव्या पाण्याने भरतात आणि कितीही प्राणवायू दिला तरी तो रक्तापर्यंत पोहोचत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांचे वर्णन करून या अवस्थेची ओळख वैद्यकविश्वाला करून दिली, आणि त्या बारांतही अपघाताचे रुग्ण होते. आज आम्ही तिला एआरडीएस म्हणतो.

तिची तीव्रता एका साध्या भागाकाराने मोजतात. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब किती आहे, त्याला रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतील प्राणवायूच्या प्रमाणाने भागायचे. तुमचा-माझा आकडा साडेचारशेच्या आसपास येतो. तो तीनशेच्या खाली गेला की आजार सुरू झाला, दोनशेच्या खाली मध्यम आणि शंभर किंवा त्याखाली तीव्र, असे २०१२ मध्ये 'बर्लिन व्याख्या' म्हणून प्रसिद्ध झालेले वर्गीकरण जगभर वापरले जाते. या पत्रात पुढे मी 'आकडा' म्हणेन तो हाच.

आता एक्मोविषयी. मांडीतल्या मोठ्या शिरेतून करंगळीएवढ्या जाड नळीने रक्त बाहेर काढले जाते, पंप ते एका कृत्रिम फुप्फुसातून ढकलतो आणि मानेतल्या शिरेतून ते परत हृदयाकडे सोडले जाते. मिनिटाला चार-पाच लिटर रक्त असे फिरत राहते. त्या कृत्रिम फुप्फुसात सुतासारख्या पोकळ तंतूंचा गठ्ठा असतो. तंतूंच्या आतून प्राणवायू आणि बाहेरून रक्त वाहते. बाहेर येणाऱ्या नळीतले रक्त जांभळासारखे काळपट असते आणि परत जाणाऱ्या नळीतले लालभडक. मी पुण्यात हे प्रथम पाहिले तेव्हा त्या दोन नळ्यांच्या रंगांमधला फरक पाहत किती तरी वेळ उभी राहिले होते. मात्र हे यंत्र फुप्फुसे बरी करत नाही. ते फक्त त्यांचे काम काही दिवस स्वतःकडे घेते, म्हणजे व्हेंटिलेटरला जोर लावून आजारी फुप्फुसे फुगवावी लागत नाहीत आणि त्यांना भरून यायला अवधी मिळतो.

या उपचाराने वाचलेला पहिला प्रौढ रुग्ण अपघातातलाच होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात अनेक ठिकाणी जबर जखमी झालेला, महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला) इजा झालेला २४ वर्षांचा तरुण डॉ. डोनाल्ड हिल यांच्या पथकाने ७५ तास अशा यंत्रावर ठेवला आणि तो बरा होऊन घरी गेला. त्यानंतरची वाटचाल सरळ झाली नाही. अमेरिकेत नव्वद रुग्णांवर झालेल्या आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या, दोन्ही गटांतले दहात नऊहून अधिक रुग्ण दगावले, आणि प्रौढांसाठी हा उपचार बराच काळ मागे पडला. जखमी रुग्णांबाबत तर आणखी एक अडचण होती. नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते, आणि ज्याच्या यकृताला चीर आहे किंवा डोक्यात रक्तस्राव आहे त्याला हेपॅरिन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. पुढे नळ्यांना आतून विशेष लेप देण्याची सोय झाली, पंप सुधारले आणि रक्तस्राव थांबेपर्यंत काही काळ हेपॅरिनशिवायही यंत्र चालवता येते हे अनुभवास आले. त्यामुळे 'अपघाताचा रुग्ण आहे, म्हणजे एक्मो नाही' हे जुने समीकरण आता उरलेले नाही. डोक्याला मोठी इजा असेल तर मात्र आजही हा निर्णय फार जड असतो.

मग आपल्या जिल्ह्यात हे यंत्र का नको? माझे उत्तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत आहे. तिच्यातील १८० रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्याच रुग्णालयात ठेवले आणि निम्म्यांना एक्मोचा अनुभव असलेल्या लेस्टर येथील केंद्रात पाठवायचे ठरवले. सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत असलेल्यांचे प्रमाण पाठवलेल्या गटात ६३ टक्के होते, तर जागीच राहिलेल्यांत ४७ टक्के. पण पाठवायच्या नव्वद जणांपैकी प्रत्यक्ष यंत्र लागले ६८ जणांना. उरलेल्यांतले बहुतेक जण त्या केंद्रातल्या काटेकोर व्हेंटिलेटर-उपचारांवरच सुधारले, आणि पाच जण निघण्यापूर्वी किंवा वाटेत दगावले. म्हणजे फायदा यंत्राइतकाच त्या केंद्राच्या हातांचा होता, आणि तिथे वेळेत पोहोचण्याचा होता. वर्षाला मोजकेच रुग्ण मिळणाऱ्या ठिकाणी हे हात तयार होत नाहीत. चोवीस तास पंपाशेजारी बसणारा तंत्रज्ञ, गुठळी ओळखणारी परिचारिका, रात्री दोन वाजता नळी सरकली तर ती बसवणारा शल्यचिकित्सक आणि भरपूर साठा असलेली रक्तपेढी या सगळ्यांशिवाय घेतलेले यंत्र कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवावे लागते. अशी आच्छादने आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

यंत्र पुण्या-मुंबईत असू द्या. आपल्याकडे काय असायला हवे, ते मी एका रुग्णाच्या निमित्ताने सांगते. त्याची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव देत नाही.

गाळप हंगाम ऐन भरात असताना जानेवारीतल्या एका रात्री सत्तावीस वर्षांचा एक मुलगा मोटारसायकलवरून उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टर होता तो चिखलाने माखलेला. (हा विषय आपल्या समितीपुढे दर हंगामात येतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.) त्याच्या डाव्या बाजूच्या सहा बरगड्या आणि मांडीचे हाड मोडले होते. छातीवर हात ठेवला तेव्हा कातडीखाली साठलेली हवा कुरमुरे दाबावेत तशी कुरकुरत होती. छातीत नळी टाकली, हवा आणि रक्त बाहेर आले, मांडीवर शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो पाणी मागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास वाढला, दुपारी त्याला व्हेंटिलेटर लावला आणि संध्याकाळी आकडा १४० वर आला. चौथ्या दिवशी दुपारी तो ७६ होता. त्याचे चुलते जिन्यात माझी वाट पाहत उभे होते. ते म्हणाले, "डॉक्टर, पोराला त्या पुण्याच्या मशीनवर न्यायचं का न्हाई, तेवढं सांगा. बाकी आमचं आम्ही बघतो."

मी हो म्हणाले आणि फोन करायला बसले. एका ठिकाणी खाट नव्हती, दुसऱ्या ठिकाणी आधी मोठी अनामत रक्कम मागितली, तिसऱ्या ठिकाणी संबंधित डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. खाट मिळाली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. व्हेंटिलेटर असलेली रुग्णवाहिका यायला आणखी दीड तास गेला. या रुग्णाला पुण्याला सुखरूप न्यायला किती प्राणवायू लागेल याचा हिशेब मी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर केला, तो इथे देते, कारण तो पाचवीतल्या मुलालाही करता येतो आणि तरी तो केला जात नाही. रुग्णवाहिकेत सहसा असणाऱ्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू असतो. अशा रुग्णाला शंभर टक्के प्राणवायू द्यावा लागतो, म्हणजे मिनिटाला साधारण बारा लिटर. दीड हजार भागिले बारा म्हणजे १२५ मिनिटे. कराडहून पुणे १६० किलोमीटर, तीन तास, तेही खंबाटकीत वाहने अडली नाहीत तर. नियम असा, की लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा सोबत हवा. त्याऐवजी सात हजार लिटरचा एकच डी टाइप सिलिंडर असता तर नऊ तासांहून अधिक पुरला असता.

गाडीत बी टाइपचे दोन होते, आमच्याकडचा तिसरा आम्ही चढवला. मी सोबत गेले. घाटात वाहनांची रांग लागली होती, काटा लाल पट्ट्यावर आला, आणि सिलिंडर बदलायचा पाना चालकाच्या आसनाखालच्या पेटीत तळाशी निघाला. तेवढ्या वेळात हाताने फुगा दाबून श्वास द्यावा लागला. साध्या माणसाला त्याने काही होत नाही. पण ज्याच्या फुप्फुसांतल्या पिशव्या व्हेंटिलेटरच्या सततच्या दाबाने कशाबशा उघड्या ठेवलेल्या असतात, त्याची नळी अर्धा मिनिट जरी सुटली तरी त्या मिटतात आणि पुन्हा उघडायला तासन्‌तास घेतात. त्याचे सॅच्युरेशन ८८ वरून ६१ वर गेले आणि पुण्यात पोहोचेपर्यंत ८० च्या वर आले नाही. तिथल्या डॉक्टरांनी पहाटे यंत्र जोडले. तोवर मूत्रपिंडेही थकली होती. अकराव्या दिवशी तो गेला.

या प्रकरणात मी कोणा रुग्णालयाला किंवा रुग्णवाहिकेला दोष देत नाही, कारण पहिली चूक माझी होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा १४० असताना मी फोन करायला हवा होता. तेव्हा मी 'रात्रभर पाहू' म्हटले. तज्ज्ञांच्या मते आकडा ८० च्या खाली सहा तासांहून अधिक राहिला, किंवा ५० च्या खाली तीन तासांहून अधिक राहिला, की एक्मोचा विचार करावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या फ्रेंच चाचणीत हेच निकष होते, आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक काळ व्हेंटिलेटरवर असलेल्यांना तिच्यात घेतलेच नव्हते. त्या चाचणीत साठ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण एक्मोच्या गटात ३५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के आले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक काठावर राहिला, म्हणून एक्मो हा चमत्कार आहे असे मी कोणालाच सांगत नाही. पण दार उघडे असण्याचा काळ असा थोडका असेल, तर लेस्टरसारख्या ठिकाणी जे हात असतात त्यांना आकडा ८० होईपर्यंत फोन न करणे चालणार नाही. १५० ला फोन व्हायला हवा, म्हणजे ८० ला रुग्ण तिथे पोहोचलेला असेल.

यासाठी पहिली गरज ब्लड गॅस, म्हणजे धमनीच्या रक्तातील वायू, मोजण्याची. ते यंत्र अनेक ठिकाणी असते. कार्ट्रिज संपलेले असते. आकडाच काढता आला नाही तर तो १५० आहे की ८० हे कोणाला कळणार? बोटाला लावायच्या क्लिपवर ९० दिसत राहते आणि सगळे निश्चिंत असतात, कारण तो ९० टिकवण्यासाठी किती टक्के प्राणवायू ओतला जातो आहे याकडे कोणी पाहत नाही.

दुसरी गरज मोजपट्टीची आहे, आणि हे वाचून आपण हसू नये. व्हेंटिलेटरने एका श्वासाला किती हवा द्यायची हे रुग्णाच्या वजनावर ठरवले तर घोटाळा होतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. ती उंचीच्या प्रमाणात असतात. पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषाचे आदर्श वजन सुमारे ६१ किलो धरतात आणि त्याला किलोमागे सहा मिलिलिटर, म्हणजे ३७० मिलिलिटर हवा पुरते. तोच माणूस ८५ किलोचा आहे म्हणून किलोमागे दहाने ८५० दिली, तर आजारी फुप्फुसांचा जो थोडा भाग अजून शाबूत आहे तो रोज हजारो वेळा ताणून फाडला जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ८६१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत किलोमागे बाराऐवजी सहा मिलिलिटर दिल्याने मृत्यूचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ एक बटण मागे फिरवायचे. तरीही झोपलेल्या रुग्णाची उंची मोजून ती खाटेवर लिहिलेली मला आजही क्वचितच दिसते.

तिसरी गोष्ट पालथे झोपवण्याची. गंभीर रुग्णाला दिवसाचे किमान सोळा तास पालथे ठेवले तर पाठीकडची मिटलेली फुप्फुसे उघडतात. २०१३ मधील फ्रान्स व स्पेनमधील चाचणीत ४६६ रुग्णांमध्ये यामुळे अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. पाच माणसे, चार उशा आणि नळी धरणारा एक सावध हात एवढेच त्याला लागते. मणका स्थिर आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागते, आणि बरगड्या मोडल्या आहेत म्हणून घाबरून थांबायचे नसते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेली एक बाई ट्रॉली उलटून चेंगरली होती. तिचा आकडा ९० पर्यंत उतरला होता. आम्ही तिला पाच रात्री पालथी ठेवली. एक्मोसाठी मी फोन करून ठेवला होता, तो रद्द करताना मला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. तिच्या चेहऱ्यावर उशीचे वळ उठले होते आणि शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न कोयत्याचा केला : "माझा कोयता कुठंय?"

भूलतज्ज्ञ म्हणून आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. मोडलेल्या बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि खोकत नाही. कफ साठतो, न्यूमोनिया होतो, आणि मग सगळी गाडी व्हेंटिलेटरच्या दिशेने घसरते. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली सोनोग्राफीच्या मदतीने भूल देणारी बारीक नळी ठेवली की तोच रुग्ण अर्ध्या तासात खोकतो, हसतो, भाकरी मागतो. ही पद्धत २०१६ पासून प्रचारात आली आहे आणि तिचा खर्च एक्मोच्या एका दिवसाच्या खर्चापुढे नगण्य आहे. जिल्ह्यातील भूलतज्ज्ञांना ती शिकवणे हा फुप्फुसांना आधार देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असे माझे मत आहे. मांडीचे हाड जागेवरच स्प्लिंटमध्ये बांधणे, छातीत दाबाने हवा कोंडली असेल तर एक्स-रेची वाट न पाहता ती सोडणे आणि रक्तस्राव होत असल्यास पहिल्या तीन तासांत ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध देणे, या गोष्टी १०८ वरील डॉक्टरांना माहीत असतात. साहित्य गाडीत आहे का, एवढेच पाहावे लागेल.

आता पैशाविषयी, कारण तोच शेवटी जिन्यातला प्रश्न असतो. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना लागू झाली आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजना चांगली आहे आणि तिने पहिल्या रात्रीची अडवणूक नक्की कमी होईल. पण मी वर सांगितलेला आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उग्र होतो आणि यंत्रावर गेलेला रुग्ण तिथे आठवडा-दोन आठवडे राहतो. म्हणजे ज्या दिवशी खर्च डोंगराएवढा होतो, नेमक्या त्याच दिवशी योजनेची मुदत संपते. एक्मोचा निव्वळ नळ्यांचा आणि कृत्रिम फुप्फुसाचा संचच लाखाच्या घरात जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे छत्र आहे, परंतु एका योजनेतून दुसऱ्या योजनेत रुग्ण नेण्याचे काम आज ज्याचा मुलगा व्हेंटिलेटरवर आहे त्या माणसाला रेशनकार्ड आणि पोलिसांचे कागद घेऊन स्वतः धावत करावे लागते. आपल्या कार्यालयाने सातव्या दिवसाच्या आत ही जोडणी करून देणारी एक व्यक्ती नेमली आणि तिचा क्रमांक प्रत्येक नियुक्त रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावला, तर किती तरी कुटुंबांची जमीन वाचेल. आणि जिथे मेंदूची इजा एवढी मोठी आहे की यंत्राने फक्त मृत्यू लांबणार आहे, तिथे पुण्याला नेऊ नका, हे स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य आम्हा डॉक्टरांनाही हवे. जमीन विकायला निघालेल्या बापाला ते सांगणे किती अवघड असते हे मी जाणते, आणि मी ते नेहमी सांगू शकलेले नाही.

तेव्हा माझी मागणी अशी, की सातारा, कराड, फलटण आणि वाई परिसरातील व्हेंटिलेटर असलेल्या सर्व रुग्णालयांसाठी समितीने एक पानाचा नमुना ठरवावा. त्यात रुग्णाची उंची, दर सहा तासांचा आकडा आणि फोन केल्याची वेळ असावी. पुण्यातील एक्मो केंद्रांपैकी एकाशी किंवा दोघांशी लेखी करार व्हावा, की १५० च्या खालच्या रुग्णाचा फोन त्यांच्याकडील ठरावीक डॉक्टर चोवीस तास घेतील, सल्ला देतील आणि गरज पडल्यास त्यांचे पथक इकडे येऊन, इथेच यंत्र जोडून रुग्णाला नेईल. परदेशांत ही पद्धत रुळलेली आहे आणि वाटेतल्या धोक्यावर तिच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही. पथक येणे शक्य नसेल तेव्हा गंभीर रुग्ण नेणाऱ्या रुग्णवाहिकेला निघण्यापूर्वी प्राणवायूचा लेखी हिशेब आणि डी टाइप सिलिंडर सक्तीचा असावा. सिलिंडरचा पाना साखळीने सिलिंडरलाच बांधलेला असावा. ब्लड गॅसची कार्ट्रिज संपण्याआधी मागवण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरावे. या सगळ्याला मिळून एका एक्मो यंत्राच्या किमतीचा छोटासा हिस्साही लागणार नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू होईल आणि रात्रीचे रस्ते पुन्हा ट्रॉल्यांनी भरतील. त्याआधी तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर व परिचारिकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण घेता येईल. पालथे झोपवण्याचे प्रात्यक्षिक, बरगड्यांची भूल आणि आकड्याचा भागाकार शिकवायला मी आणि माझे दोन सहकारी कोणत्याही रविवारी विनामोबदला येऊ. आपण तारीख आणि सभागृह तेवढे कळवावे. मोजपट्ट्या आम्ही आणतो.

कळावे,

आपली नम्र,
एक भूलतज्ज्ञ,
कराड, जि. सातारा.